जुना सर्वो, नवा रेडिओ

प्रस्तावना

घरातील एखादे जुने यंत्र चालेनासे झाले की ते निकामी झाले असे आपण सहज म्हणून टाकतो. पुष्कळदा ते निकामी झालेले नसते. त्याला जोडावयाची इतर यंत्रे मात्र बदललेली असतात. नवे यंत्र एक भाषा बोलते, जुने दुसरी, आणि मधे दुभाषा नसतो. या पाठात अशाच एका लहानशा यंत्राची ओळख करून घ्यावयाची आहे. त्याचे नाव सर्वो. रेडिओने चालणाऱ्या खेळातील विमानाचे, नौकेचे किंवा मोटारीचे सुकाणू फिरविण्याचे काम ते करते. पाठ वाचताना तांत्रिक माहिती मराठीत नेमकेपणाने कशी मांडली आहे, कोठे मराठी शब्द पुरेसा ठरला आहे आणि कोठे बाजारातला इंग्रजी शब्दच ठेवावा लागला आहे, याकडेही लक्ष द्यावे.

मूळ पाठ

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर लाजपत राय मार्केट आहे. त्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद येथील तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी तेथे सुटे भाग शोधत हिंडतात. अवघ्या ९ ग्रॅम वजनाचा निळा, अर्धपारदर्शक सर्वो त्यांना तेथे सहज मिळतो. यमुनेच्या पलीकडे सीलमपूर आहे. तेथे जुने संगणक, दूरदर्शन संच आणि दूरध्वनी यांचे भाग हाताने सुटे केले जातात. देशभरातील इलेक्ट्रॉनिक भंगार तेथे येऊन पडते. नवी वस्तू विकणारा बाजार आणि जुनी वस्तू मोडणारा बाजार यांत चार-पाच किलोमीटरांचेच अंतर आहे. एखादी वस्तू पहिल्या बाजारातून दुसऱ्या बाजारात जाण्यापूर्वी ती खरोखर संपली आहे काय, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

समजा, नोएडातील एका सदनिकेत माळा आवरताना पत्र्याची एक पेटी सापडली. घरातील आजोबा तरुणपणी राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात होते. १९४८ साली स्थापन झालेल्या या छात्रसेनेत हवाई विभागाच्या छात्रांना विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचे शिक्षण दिले जाते. आजोबांना तो नाद पुढेही राहिला. पेटीत बाल्सा लाकडाचे मोडके पंख होते, एक जुना ट्रान्समीटर होता आणि जुन्या कापडात गुंडाळलेले चार सर्वो होते. नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. महाविद्यालयातील स्पर्धेसाठी तो मित्रांसह एक विमान बांधत होता. सर्वो पाहताच तो म्हणाला, "आजोबा, हे मी माझ्या नव्या रिसीव्हरला लावून पाहू?"

आजोबांनी उत्तर दिले, "लाव, पण आधी त्यांची चौकशी कर. तीस वर्षांत त्यांना कोणी काही विचारलेले नाही."

सर्वोची चौकशी करावयाची तर तो काय करतो हे आधी कळले पाहिजे. 'सर्वो' या नावाच्या मुळाशी गुलाम किंवा सेवक या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. फ्रान्समधील जोसेफ फार्को या अभियंत्याने १८७३ साली या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे यंत्र वाफेवर चालणाऱ्या जहाजाचे अवजड सुकाणू फिरविण्यासाठी होते. मालकाने चाक जितके फिरवावे, तितकेच सेवकाने सुकाणू फिरवावे, अधिक नाही आणि उणेही नाही, ही त्यामागील कल्पना. आज काड्यापेटीएवढ्या खोक्यात तीच कल्पना बसविलेली आहे.

या खोक्यात चार गोष्टी असतात: एक छोटी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढविणारी दातेरी चक्रांची माळ, बाहेरच्या दांड्याबरोबर फिरणारा पोटेन्शिओमीटर आणि एक लहान इलेक्ट्रॉनिक पट्टी. पोटेन्शिओमीटर म्हणजे फिरविला असता रोध बदलणारा भाग. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची कळ ही त्याच जातीची. दांडा या क्षणी कोणत्या कोनात आहे हे तो पट्टीला सांगत राहतो. दांडा कोणत्या कोनात असावा हे रिसीव्हर सांगतो. पट्टी या दोन्ही बातम्यांची तुलना करते आणि त्यांतील फरक मिटेपर्यंत मोटर फिरविते. फरक मिटला की मोटर थांबते. वाऱ्याने सुकाणू ढकलले तर पुन्हा फरक पडतो आणि सेवक पुन्हा कामाला लागतो.

रिसीव्हर आपली आज्ञा कशी सांगतो, हा या पाठाचा गाभा आहे. तो विजेचे छोटे छोटे स्पंद पाठवितो आणि स्पंद किती वेळ टिकला यावरून कोन ठरतो. १.५ मिलिसेकंद म्हणजे मधोमध. १ मिलिसेकंद म्हणजे एका टोकाकडे. २ मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्या टोकाकडे. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. असा स्पंद दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा येतो. हा २० चा आकडा कोणी लहरीने ठरविलेला नाही. जुन्या पद्धतीत आठ सर्वोंच्या आज्ञा एकामागून एक, रांगेत पाठविल्या जात. प्रत्येकीला जास्तीत जास्त २ मिलिसेकंद धरले तर आठांचे १६ होतात. रांग संपली हे रिसीव्हरला कळावे म्हणून पुढे थोडी शांतता ठेवावी लागे. सोळा आणि ती शांतता मिळून वीस.

रेडिओची पद्धत नंतर पार बदलली. स्पंदाची ही बोली मात्र टिकली. पूर्वी युरोपात ३५ आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झच्या लहरींवर विमाने उडविली जात. एका मैदानावर दोघांचे ट्रान्समीटर एकाच लहरीवर लागले तर दोन्ही विमाने कोसळण्याची भीती असे. म्हणून ज्याच्याजवळ त्या लहरीची खूण असेल त्यानेच ट्रान्समीटर सुरू करावा, असा शिरस्ता होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची यंत्रे परवान्याविना वापरण्याची मुभा भारतात जानेवारी २००५ मध्ये मिळाली. या पट्ट्यातील आधुनिक संच सेकंदात अनेकवार लहरी बदलीत राहतात, त्यामुळे मैदानावर खूण मागण्याची गरज उरली नाही. एवढे सगळे घडूनही रिसीव्हरच्या मागील तीन टाचण्यांतून आजही बहुधा तोच १ ते २ मिलिसेकंदांचा स्पंद बाहेर पडतो. म्हणूनच जुना सर्वो नव्या रिसीव्हरशी जोडता येण्याची आशा असते. अडचणी आहेत त्या बोलीच्या नव्हेत, आवाजाच्या आणि घाईच्या आहेत.

पाठगत प्रश्न: सर्वोमधील पोटेन्शिओमीटर काढून टाकला तर मोटर कधी थांबेल? आपले उत्तर कारणासह दोन-तीन वाक्यांत लिहा.

नातवाने पहिला सर्वो हातात घेतला. त्याला काळी, तांबडी आणि पांढरी अशा तीन तारा होत्या. नव्या सर्वोंत त्या तपकिरी, तांबडी आणि नारिंगी किंवा काळी, तांबडी आणि पिवळी अशाही असतात. गडद तार ऋण, तांबडी धन आणि उरलेली स्पंदाची. तांबडी मधे असते, यात मोठे शहाणपण आहे. प्लग चुकून उलटा लागला तरी धन तार धन टाचणीवरच राहते. सर्वो मुकाट बसतो, पण बहुधा जळत नाही.

दुसऱ्या सर्वोचा प्लगही दिसायला तसाच होता. नातू तो लावणार इतक्यात आजोबांनी हात धरला. जुन्या सान्वा आणि एअरट्रॉनिक्स बनावटीच्या सर्वोंत धन आणि ऋण तारांच्या जागांची अदलाबदल असे. असा प्लग आजच्या रिसीव्हरला सरळ लावला तर वीज उलटी वाहते आणि आतील पट्टी क्षणात जळते. उपाय सोपा आहे. प्लगमधील धातूच्या पट्ट्या बारीक टोकाने हलकेच उचलून दोन तारांच्या जागा बदलावयाच्या. मात्र ते आधी करावयाचे, धूर आल्यावर नव्हे. तारांच्या रंगावर विसंबण्यापेक्षा खोके उघडून कोणती तार पट्टीवर कोठे पोचते हे पाहणे केव्हाही चांगले. तीस वर्षांत मधे कोणी दुरुस्ती केली असेल तर रंगांचा भरवसा राहत नाही.

यानंतरचा प्रश्न विजेच्या दाबाचा. जुन्या सर्वोंना निकेल-कॅडमियमच्या चार घटांची सवय असे. प्रत्येक घट १.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण ४.८ व्होल्ट. आजची लिथियमची दोन घटांची बॅटरी नावाला ७.४ व्होल्टची असली तरी पूर्ण भारल्यावर ८.४ व्होल्ट देते. हा दाब पावणेदोन पट झाला. अडकून पडलेल्या मोटरमध्ये निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती तिप्पट होते. फुटाबा कंपनीचा एस३००३ हा पुष्कळ वर्षे चाललेला साधा सर्वो घ्या. तो ४.८ व्होल्टवर सुमारे ३.२ आणि ६ व्होल्टवर सुमारे ४.१ किलोग्रॅम-सेंटिमीटर जोर देतो. त्याची मर्यादा ६ व्होल्टची आहे. तेव्हा बॅटरी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाब ५ व्होल्टवर आणून ठेवणारा नियामक बसविणे आवश्यक ठरते. नियामकाची क्षमताही पाहावी लागते. काही नवे रिसीव्हर सर्व सर्वोंना आज्ञा एकाच क्षणी देतात. पूर्वीसारखी रांग राहत नाही. सगळे सेवक एकदम उठले की विजेची मागणीही एकदम वाढते.

या मागणीत खरा धोका दडलेला आहे. जुन्या रिसीव्हरमध्ये संगणक नव्हता. दाब क्षणभर खाली गेला तर सुकाणू थरथरे आणि पुन्हा सावरे. नव्या रिसीव्हरमध्ये सूक्ष्म संगणक असतो. दाब ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद पडतो आणि नव्याने सुरू होतो. सुरुवातीच्या काही रिसीव्हरांना परत जागे व्हायला काही सेकंद लागत. टेबलावर ते सेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत. हवेतील विमानाला ते पुरे होतात. आणि असा दाब खाली ओढणारा बहुधा कोण असतो? वंगण वाळून घट्ट झालेला जुना सर्वो.

तिसरी अडचण स्पंदाच्या उंचीची. जुना रिसीव्हर आपला स्पंद बॅटरीच्या दाबाइतका उंच पाठवीत असे. नव्या रिसीव्हरातील संगणक ३.३ व्होल्टवर काम करतो, म्हणून त्याचा स्पंदही तेवढाच. बहुतेक जुन्या सर्वोंना तो ऐकू येतो; काहींना येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी हळू बोलावे तसे होते: कधी उत्तर मिळते, कधी नाही, आणि कधी भलतेच. अशा वेळी ७४एचसीटी मालिकेतील एखादी साधी चिप मधे घालावी. ५ व्होल्टवर चालत असताना ती ३.३ व्होल्टचा स्पंद ओळखते आणि ५ व्होल्टचा करून पुढे देते. यांपैकी काही चिपा स्पंद उलटा करतात. सत्तरच्या दशकातील काही सर्वोंना उलटा, म्हणजे खाली जाणारा स्पंद लागे. त्यांच्यासाठी असा उलटा करणारा एकच टप्पा पुरतो. इतरांसाठी दोन टप्पे एकापुढे एक जोडून स्पंद सुलटा करून घ्यावा लागतो.

आणि चौथी अडचण घाईची. नव्या रिसीव्हरात स्पंदांमधील अंतर २० ऐवजी ११ किंवा ७ मिलिसेकंद ठेवण्याची सोय असते. संगणक बसविलेल्या अंकीय सर्वोंना ते मानवते. जुना सर्वो प्रत्येक स्पंदानंतर, फरकाच्या मानाने, मोटरला विजेचा एक लांबविलेला धक्का देतो. हे धक्के वीस मिलिसेकंदांच्या हिशेबाने बेतलेले असतात. स्पंद दुप्पट वेगाने आले की धक्केही दुप्पट होतात. दांडा ठरल्या जागेच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. सर्वो गुणगुणतो आणि तापतो. म्हणून ट्रान्समीटरच्या यादीत 'अ‍ॅनालॉग' हा पर्याय असेल तर तोच निवडावा. हाताशी ट्रान्समीटर नसेल तर आर्डुइनो या लहान पट्टीनेही सर्वो तपासता येतो, कारण तिच्या नेहमीच्या सर्वो-आज्ञावलीत हेच २० मिलिसेकंदांचे अंतर ठेवलेले आहे. तिचे मूळ टोक-आकडे मात्र ०.५४४ आणि २.४ मिलिसेकंद असे रुंद आहेत. जुन्या सर्वोला तेथवर ढकलले तर दांडा आतील अडणीवर जाऊन बसेल आणि चक्रांचे दाते मोडतील. आधी १ ते २ ही हद्द घालून घ्यावी.

नातवाने हे सारे सांभाळून पहिला सर्वो लावला. तो फिरला, पण मध्यभागी येताच कापू लागला. नव्या रेडिओचा हा दोष आहे असे त्याला वाटले. आजोबांनी नुसते म्हटले, "दिल्लीची धूळ." पोटेन्शिओमीटरच्या ज्या भागावर दांडा अधिक काळ राहतो तो भाग, म्हणजे मध्यभाग, सर्वांत आधी झिजतो आणि मळतो. एप्रिल-मे महिन्यांत राजधानीत उठणारी वावटळ बंद पेटीतही पोचते आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माळ्यावरील वंगणाचा डिंक होतो. खोके उघडून पोटेन्शिओमीटरमध्ये विद्युत-संपर्क साफ करणारे द्रव्य सोडले, दांडा वीस-पंचवीस वेळा फिरविला, चक्रांवरील जुने वंगण पुसून नवे लावले, तेव्हा कापणे थांबले. झीज खोल असती तर थांबले नसते. तारेचे आवरण टोकाशी सोलून तांबेही पाहिले. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या सान्निध्यात ऋण तारेचे तांबे आतून काळे पडत जाते आणि वरून ते मुळीच दिसत नाही. काळे तांबे आढळले तर ती तार बदलावी. तिला कितीही घासले तरी टाका नीट बसत नाही.

तिसऱ्या सर्वोला चार तारा होत्या. नातू बुचकळ्यात पडला. हा पेटीतला सर्वांत वयोवृद्ध. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत काही सर्वोंसाठी बॅटरीच्या चार घटांच्या मधोमध एक जादा तार काढीत. मोटर एका दिशेला फिरवायची तर वरच्या दोन घटांची वीज, दुसऱ्या दिशेला फिरवायची तर खालच्या दोन घटांची. आजच्या रिसीव्हरजवळ अशी मधली तार नसतेच. तेव्हा या सर्वोची मोटर, चक्रे आणि पोटेन्शिओमीटर ठेवून आतील पट्टी तेवढी बदलावी लागते. ती साधारण त्याच आकाराच्या नव्या सर्वोतून काढावी. ९ ग्रॅमच्या सर्वोची पट्टी मोठ्या मोटरचा भार सोसत नाही. जोडल्यावर दांडा एका टोकाला जाऊन तेथेच धडपडत राहिला तर पट्टी बिघडली असे समजू नये. मोटरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत इतकेच. सेवक आज्ञेच्या विरुद्ध दिशेला धावत आहे.

चौथ्या सर्वोचे नायलॉनचे दाते चुरा होऊन पडले होते. त्याचे पुढे काही झाले नाही. दुरुस्तीचा हट्ट कोठे सोडावा हेही कारागिराला कळावे लागते.

आता राहिला नातवाचा मूळ प्रश्न: हे सर्वो स्पर्धेच्या विमानात बसवावे काय? तपासणीत उत्तीर्ण झाले तरी त्याचे उत्तर सहसा 'नाही' असेच द्यावे लागते. एस३००३ सारखा सर्वो सुमारे ३७ ग्रॅमचा. तेवढ्या वजनात नवे चार लहान सर्वो बसतात. त्याहून मोठे कारण असे, की विमानाचे मागचे सुकाणू ज्या सर्वोवर अवलंबून असते, तो अडला तर दुसरा कोणी सावरणारा नसतो, आणि एक-दीड किलोचे विमान वेगाने खाली येते तेव्हा खाली मैदानच असेल असे नाही. राजधानीच्या परिसरात मोकळे मैदान आणि मोकळे आकाश दोन्ही दुर्मीळ आहेत. पालम, सफदरजंग आणि हिंडन या विमानतळांभोवतीची हवा बांधलेली आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांनी हौशी प्रतिकृतींनाही कक्षेत घेतले आहे. सरकारी नकाशात लाल दाखविलेल्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीविना काहीही उडविता येत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन जवळ आले की दिल्ली पोलिसांचे मनाईचे आदेश निघतात, ते निराळेच.

जमिनीवरचे प्रश्न मात्र जमिनीवरच सुटतात. नौकेचे सुकाणू, यंत्रमानवाचा हात, कळसूत्री बाहुलीची मान, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील रेल्वेचे फाटक, अशा कामांत सर्वो अडला तर फार तर खेळ थांबतो. दिल्लीतील राष्ट्रीय बाल भवनात १९५६ पासून मुले हाताने वस्तू घडवीत आली आहेत; अशा ठिकाणी उघडून पाहता येणारा जुना सर्वो बंद खोक्यातील नव्या सर्वोपेक्षा अधिक शिकवितो. त्याच्या पट्टीवरील प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो, बोटाने दाखविता येतो.

नातवाने विमानासाठी लाजपत राय मार्केटातून नवे सर्वो आणले. जुने दोन आणि पट्टी बदललेला तिसरा त्याने एका लाकडी फळीवर बसविले आणि ट्रान्समीटरची दांडी हलविली. तीनही दांडे वळले, पण एक उलट्या दिशेला. नातू यादी उघडून दिशा बदलू लागला. "आमच्या ट्रान्समीटरला ही सोय नव्हती," आजोबा म्हणाले, "आम्ही सर्वो उघडून तारा बदलत असू." आणि चष्मा पुढे ओढून त्यांनी त्या छोट्या पडद्यावर नेमके काय लिहिले आहे, ते वाचायला मागितले.

शब्दार्थ

सुकाणू – जहाज किंवा विमान वळविणारा फिरता भाग. स्पंद – विजेचा अल्पकाळ टिकणारा झटका. रोध – विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. नियामक – ठरावीक मर्यादेत ठेवणारा. शिरस्ता – रूढ पद्धत. अडणी – हालचाल अडविणारा भाग. बुचकळ्यात पडणे – गोंधळून जाणे.

स्वाध्याय

१. स्पंदांमधील अंतर २० मिलिसेकंद ठेवण्यामागील हिशेब आपल्या शब्दांत मांडा.
२. 'अडचणी बोलीच्या नव्हेत, आवाजाच्या आणि घाईच्या आहेत' या विधानातील आवाज व घाई या शब्दांनी कोणत्या तांत्रिक गोष्टी सुचविल्या आहेत?
३. तपासणीत उत्तीर्ण झालेला सर्वोही विमानात बसवू नये, हे मत आपणांस पटते काय? पाठातील आधार देऊन सात-आठ ओळी लिहा.
४. आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एका जुन्या यंत्राचे कार्य, चित्र न काढता, केवळ शब्दांनी समजावून सांगा.